रांजणावरचा पहिला पेला

६ जानेवारी

इरमाने ही वही आणून दिली. उद्या आमचा नाताळ, जुन्या पंचांगाचा, त्यासाठी ती घरी आली आहे. म्हणते, तिबिलिसीत आता लोक पैसे भरून वाइन समजून घ्यायच्या शिकवणीला जातात. पेला दांडीला धरायचा, गोल फिरवायचा, त्यात नाक घालायचं आणि कशाकशाचा वास येतो ते कागदावर मांडायचं. मी विचारलं, मग पितात कधी? तर म्हणाली, "पीत नाहीत बाबा, थुंकतात." माझी बायको लमारा पीठ मळता मळता इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

इरमाचं म्हणणं असं की त्यांना जे शिकवावं लागतं ते मला येतंच, तर रोज थोडं लिहून ठेवावं. जॉर्जियाची वाइन आता परदेशी जाते आणि ती ज्यांना कळते ती म्हातारी माणसं काही न लिहिता मरून जातात. नाताळच्या आदल्या दिवशी बापाशी मरणाच्या गोष्टी करू नयेत हे कार्टीला कळत नाही. पण वही चांगली आहे.

तर मी नोदार. आमचं गाव ते तेलावी अशी बस चालवण्यात आयुष्य गेलं, आता घरी असतो. अंगणातल्या मांडवावरची वेल सोडली तर माझ्याकडे द्राक्षाचा मणी नाही. मी वाइन करत नाही, पितो. करणारे गावात ढिगाने आहेत. नीट पिणाराही कुणी लागतोच ना.

पहिली गोष्ट नाक. जीभ नंतर. पेला तोंडाला लावण्याआधीच निम्मं कळलं पाहिजे. डोळे बांधून बसवा, कुणाच्या घरची आहे ते मी सांगतो. झुंबेरच्या वाइनला ओल्या गोणपाटाचा वास येतो आणि मागाहून उंदराचा, कारण झुंबेर स्वतः जितकी आंघोळ करतो तितकेच रांजण धुतो. आणि वाझाची वाइन. चहासारखा रंग, आधी वाळलेल्या जर्दाळूचा वास, मग मेणाचा, आणि पेला रिकामा झाला की तळाशी अक्रोडाच्या हिरव्या सालीचा. रिकाम्या पेल्याचा वास घ्यायला शिकवणीत सांगतात का ते इरमाला विचारलं पाहिजे.

वाझा माझ्या शाळेपासूनचा दोस्त. वसंतात तो जमिनीतल्या रांजणांची झाकणं उघडतो तेव्हा पहिला पेला माझा. तो स्वतः घेत नाही. समोर उभा राहून माझ्या तोंडाकडे बघतो. मी मान हलवली की मग सगळ्यांना. त्याने या खेपेचा मोठा रांजण इरमाच्या मे महिन्यातल्या लग्नासाठी राखून ठेवला आहे. पैशाचं बोलायचं नाही म्हणाला, ती माझीही पोर आहे.

दुसरी गोष्ट. वाइनचा पेला कुणाच्या तरी नावाने उचलायचा. देवाच्या, गेलेल्यांच्या, यजमानाच्या, सोयऱ्यांच्या. नुसता ढोसायचा नाही. आणि बिअर पिऊन कुणाचं भलं चिंतायचं नाही. बिअरचा पेला उचलायचा तो ज्याचं तळपट व्हावं असं वाटतं त्याच्या नावाने. आम्ही ड्रायव्हर लोक दर शनिवारी नाक्यावरच्या ट्रॅफिक पोलिसाच्या नावाने उचलायचो. तो बिचारा बदली होऊन गेला, तरी उचलायचो.

१९ जानेवारी

सकाळी चर्चहून येताना फाटकाशी बर्फावरून घसरलो. डोक्याचा मागचा भाग दगडी पायरीवर आपटला. थोडा वेळ काही सुधरेना. लमाराने आरडाओरडा करून गल्ली गोळा केली. तेलावीला डॉक्टरकडे चल म्हणून मागे लागली होती. टेंगूळ आलंय, बाकी काही नाही. बसच्या नोकरीत याहून मोठे मार खाल्लेत.

संध्याकाळी वाझा सुरई घेऊन आला. प्यावंसं वाटलं नाही. तो म्हणाला, "नोदार नको म्हणतोय म्हणजे पाद्रीबाबांना बोलवा."

४ फेब्रुवारी

डोकं दुखायचं थांबलं. पण लमाराचं स्वयंपाकात लक्ष नाही. राजम्याच्या कालवणात ना कोथिंबीर, ना अक्रोड, नुसतं गरम काहीतरी. विचारलं तर म्हणते नेहमीसारखंच केलंय, अक्रोड जास्तच घातलेत. वरून मीठ घेतलं, मग आलुबुखाराची आंबट चटणी ओतली तेव्हा कुठे घास उतरला. तिला वाईट वाटलं असावं. लग्नाच्या खरेदीत तिचं डोकं अडकलंय, समजू शकतो. पण माणसाने रोज दोन वेळा जेवायचं असतं.

२३ फेब्रुवारी

आज विनाकारण तमाशा झाला. लमारा शेजारी गेली होती, मी स्वयंपाकघरात चुलीपाशी वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. ती दार उघडून आत आली ती ओरडतच. राजमा करपून कोळसा झाला होता. "तू इथे बसलायस आणि तुला वास आला नाही?" म्हणाली. मी म्हटलं, वाचण्यात गुंग होतो. तिने खिडक्या उघडल्या, भांडं अंगणात नेऊन टाकलं आणि परत येऊन माझ्याकडे बघत उभी राहिली. कितीतरी वेळ नुसती बघतच होती. मी वर्तमानपत्र वर धरलं.

१५ मार्च

वाझाकडची गेल्या सालची शेवटची सुरई आणली होती. मेली आहे ती, चवच नाही. प्यायलो आणि वाटलं, कोमट पाणी पितोय. दुसऱ्या दिवशी त्याला सांगितलं की साठवण्यात काहीतरी गडबड झाली. त्याचं तोंड एवढंसं झालं. घरी जाऊन त्याने पुन्हा चाखली म्हणे. नातेला, म्हणजे त्याची बायको, लमाराला सांगत होती की त्या रात्री तो जेवला नाही. वाझा हळवा आहे. खरं बोललेलं सोसत नाही.

या वहीत सुरुवातीला मी जर्दाळू, मेण असलं काय काय लिहिलंय ते आज वाचलं आणि हसू आलं. इरमाच्या नादाने मीही शिकवणीवाल्यांसारखा लिहायला लागलो होतो. वासाबिसाचं फार स्तोम माजवतात लोक. खरी वाइन जिभेवर कळते. तिने चावलं पाहिजे, जबड्याच्या मागे कळ आली पाहिजे. आधी लिहिलेलं तसंच राहू देतो, पण खरं हे आहे.

ईस्टरनंतरचा सोमवार

रीतीप्रमाणे सगळं गाव स्मशानात. बाबांच्या थडग्यावर लाल अंडं गडगडवलं, पेलाभर वाइन ओतली, त्यांच्या नावाने प्यायलो. शेजारी झुंबेरच्या आजीचं थडगं आहे. त्याने बळेच पेला पुढे केला. शेजारधर्म म्हणून घेतला, आणि काय सांगू, वाइन जिवंत होती. कितीतरी दिवसांनी तोंडात काहीतरी घडलं. आंबट, तल्लख, कानापर्यंत कळ गेली. मी अजून मागितली. झुंबेर माझ्याकडे बघत राहिला, त्याला वाटलं मी टिंगल करतोय. इतकी वर्षं आपण त्याला हसलो याची लाज वाटली. बाकीचे त्याची घेत नव्हते, कुणाला गाडी चालवायची होती, कुणाचं पोट बरं नव्हतं. एकदा नाव पडलं की पडलं.

वाझानेही त्याची दिली. प्यायलो, मान हलवली नाही. तो मात्र माझ्या तोंडाकडे बघत होता.

२६ एप्रिल

काय झालं ते नीट लिहून ठेवतो, कारण उद्यापासून गाव आपल्या मनाने सांगत सुटेल.

वाझाकडे आज मोठा रांजण उघडायचा होता. अंगणात मांस भाजत होतं, वेलीच्या काटक्यांचा जाळ केला होता. तिबिलिसीहून आंझोर नावाचा एक हॉटेलवाला दोघांना घेऊन आला होता. वाझाचे बाकीचे सगळे रांजण तो घेणार, आणि दर वर्षी घेत राहणार, असं बोलणं चाललं होतं. वाझाच्या आयुष्यात असं कधी घडलं नव्हतं. त्याने दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्या लोकांनी उन्हाचं म्हणून गाडीतून बिअरच्या बाटल्या आणल्या होत्या, त्या हौदात गार करायला ठेवल्या होत्या.

वाझाने रांजणाच्या तोंडावरची ओली माती खरवडली, झाकण उचललं, गुडघ्यावर बसून लांब दांड्याचा डाव आत सोडला आणि पेला भरून माझ्या हातात दिला. मी प्यायलो. काही नव्हतं. रंग होता, थंडावा होता, बाकी पाणी. पुन्हा एक घोट घेतला, मुद्दाम सावकाश. पाणीच.

मला दिसलं ते असं, की हॉटेलवाल्याला पुरवायचं म्हणून वाझाने वाढवली आहे, आणि वाढवलेली माझ्या पोरीच्या लग्नात घालणार आहे. तो समोर उभा होता, हात चोळत. "काय म्हणतोस?" त्याने विचारलं.

"पाणी किती घातलंस?"

तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतोय. मी म्हटलं, गंमत नाही, ही माझ्या पोरीच्या लग्नात चालायची नाही. आंझोरच्या हातातही पेला होता, तो आधी छान छान म्हणत होता. माझं ऐकल्यावर त्याने पुन्हा वास घेतला, कपाळाला आठी घातली आणि पेला कट्ट्यावर ठेवला. वाझा हळूच म्हणाला, "नोदार, अजून एकदा घे. गडबडीत घेतलीस तू."

हे मला लागलं. मी गडबडीत घेतली. मी. हौदातली बिअर उचलली, पेल्यातली त्याची वाइन गवतात टाकली, बिअर ओतली आणि पेला वर धरला. "वाझाच्या नावाने," म्हटलं. लमाराने माझी बाही धरली होती ती सुटली. मी पेला तळापर्यंत रिकामा केला.

जाळावर चरबी पडून चरचरत होती तेवढाच आवाज. वाझा खाली वाकला आणि रांजणाचं झाकण परत लावायला लागला. ते नीट बसेना, दोनदा काढून लावावं लागलं.

मला वाईट वाटत नाही. तोंडावर खरं सांगतो तोच दोस्त. गोड बोलायला बाकीचं गाव आहे.

२८ एप्रिल

लमारा बोलत नाही. आज एकदाच बोलली. "मी प्यायले त्यातली. तो इतकी वर्षं करतोय, पण अशी कधी झाली नव्हती." मी म्हटलं, बायकांना गोड लागलं की छान. ती म्हणाली, "बसवाल्या, फार नाकाने कांदे सोलतोस." आणि दार आपटून गेली.

आंझोर त्या दिवशी काही न घेता परत गेला असं कळलं. मी काय करू? मी त्याला घेऊ नको म्हटलं नव्हतं.

इरमाचा फोन आला. लमाराने कळवलेलं दिसतं. ती रडत होती. म्हणाली, बाबा, वाझाकाकांची माफी माग आणि वाइन तिथूनच आण, माझ्या लग्नाला त्यांचीच वाइन असं लहानपणापासून त्यांनी सांगून ठेवलंय. मी म्हटलं, बाळा, लग्नात तमादा मी असणार, पंगतीत प्रत्येक पेल्याआधी बोलायचं मला आहे, आणि ज्या वाइनवर माझा विश्वास नाही ती हातात धरून मी तुला आशीर्वाद कसा देऊ? ती गप्प बसली. पटलं असावं.

८ मे

वाझाच्या परसातून धूर निघतोय. भट्टी लावली आहे. या सालचा द्राक्षांचा चोथा आत्ता गाळतोय वाटतं. चोथ्याची दारू गाळून झाली की तो एक बाटली माझ्याकडे पाठवतो, यंदा अर्थात पाठवणार नाही. काल रस्त्यात समोरून आला. मी थांबलो होतो. तो पलीकडच्या बाजूने निघून गेला, मान खाली घालून. त्याला अपराधी वाटत असणार.

११ मे

धूर अजून आहे. एवढा चोथा त्याच्याकडे आला कुठून?

१९ मे

लग्नाची वाइन झुंबेरकडून आणली. झुंबेर आधी नाहीच म्हणत होता. म्हणाला, "नोदारभाऊ, माझी घरात प्यायला ठीक आहे, लग्नात नको." एवढा विनय मी त्याच्यात कधी पाहिला नव्हता. मी त्याला मिठी मारली. पिंप घरी आणून तळघरात लावलं.

लमारा खाली आली, पेल्यात थोडी घेतली, नाकाशी नेली आणि तशीच परत ठेवली. "ही आंबलीय," म्हणाली. मी म्हटलं, जिवंत आहे. ती पायरीवर बसली. रागावली नव्हती, तेच मला कळेना. मग म्हणाली, "आपण उद्या तेलावीला जाऊ. डॉक्टरला दाखवू."

"काय दाखवू?"

"तू पडलास तेव्हापासून..." एवढं म्हणून थांबली.

मी बराच आवाज चढवला. पोरीचं लग्न तोंडावर आलंय आणि हिला मला वेडा ठरवायचंय. ती उठून वर गेली. जिना चढताना भिंतीला हात धरून चढत होती, हल्ली तिचे गुडघे दुखतात.

२५ मे

काल लग्न झालं. अजून डोळे भरून येतात.

पंगत अंगणात, मांडवाखाली. मी तमादा. देवाच्या नावाने पहिला पेला, मग दोन्ही घरांच्या गेलेल्यांच्या, मग आई-बापांच्या, मग पोरांच्या. प्रत्येक पेला तळापर्यंत, आमच्याकडे तमादाने बोलल्यावर पेला खाली ठेवणं म्हणजे त्याच्या शब्दाचा अपमान. एकानेही ठेवला नाही. सगळे इतके शांत ऐकत होते की मलाच आश्चर्य वाटलं. एरवी चौथ्या पेल्याला गाणी सुरू होतात, कुणीतरी कुणाच्या गळ्यात पडतं. काल तसं काही नाही. एकचित्ताने माझ्याकडे बघत होते. जावयाचे, म्हणजे बेकाचे वडील, प्रत्येक पेला डोळे मिटून एका दमात पीत. असा रसिक व्याही मिळायला भाग्य लागतं. पाण्याचे जग मात्र सारखे भरावे लागले, उकाडा फार होता.

मी इरमाच्या नावाने पेला उचलला तेव्हा सांगितलं की ही वाइन तुझ्यासाठी मी स्वतः निवडली. ती माझ्याकडे बघत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ती सगळा पेला प्यायली. मग उठली, माझ्याजवळ आली आणि सगळ्यांसमोर माझ्या हाताचा मुका घेतला. आयुष्यात अजून काय पाहिजे?

वाझा आला नाही. नातेला आहेर घेऊन आली. तिने पहिला पेला घेतला आणि माझ्याकडे नीट बघितलं. मी दुसरीकडे तोंड फिरवलं. मग ती लमाराच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलली आणि दोघी स्वयंपाकघरात गेल्या. झुंबेर मात्र लवकर उठला. एवढं कौतुक त्याला झेपलं नसावं.

बरीच उरली आहे. लोक घरी न्यायला नको म्हणाले, संकोच.

९ जून

हे लिहायचं की नाही ठरत नव्हतं. पण मग बाकीचं तरी कशाला लिहिलं?

दुपारी स्वयंपाकघरात गेलो. लमारा काकड्यांचं लोणचं घालत होती. बरण्यांत लसूण, सुवा, काकड्या दाबून भरल्या होत्या आणि ती सुरईतून वर ओतत होती. लग्नातली वाइन. मी विचारलं काय करतेस. "व्हिनेगर संपलं होतं," ती म्हणाली. तिने मला टोमणा मारला नव्हता. तिला व्हिनेगर हवं होतं आणि घरात ते होतं.

मी तिथेच उभा राहिलो. ती शेवटची बरणी भरून झाल्यावर हात पुसत म्हणाली, "बस. डोळे मीट."

मी बसलो. का बसलो कोण जाणे, भांडायचं बळ नव्हतं. तिने नाकाखाली काहीतरी धरलं. विचारलं, काय आहे. मी म्हटलं काही नाही. डोळे उघडून बघितलं तर ठेचलेला लसूण. पुन्हा मिटायला लावले. दुसऱ्यांदा मी म्हटलं कोथिंबीर, अंदाजाने. रॉकेलची चिंधी होती. तिसऱ्यांदा नाकाशी काहीतरी मऊ, ऊबदार लागलं. "आता?" म्हणाली. मी पुष्कळ प्रयत्न केला. देवाची शपथ, जीव गोळा करून श्वास घेतला.

"काही नाही," मी म्हटलं.

"मी आहे," ती म्हणाली.

तिने आपले केस सोडून माझ्या तोंडाशी धरले होते.

मग मी मोठ्याने रडलो, हे लिहायला मला लाज वाटत नाही. लाज वाटते ती बाकी सगळ्याची. दोनशे माणसं माझ्या शब्दासाठी व्हिनेगर प्यायली. माझी पोर तिच्या लग्नात व्हिनेगर प्यायली आणि वर माझ्या हाताचा मुका घेतला. लमाराला विचारलं, तू सांगितलं का नाहीस सगळ्यांना? ती म्हणाली, मीच प्रत्येक टेबलाशी जाऊन सांगितलं, नोदारला बरं नाही, तेवढं सांभाळून घ्या. आणि त्यांनी सांभाळून घेतलं.

१० जून

तेलावी. डॉक्टर म्हणाला, डोक्याला मार बसून नाकाकडे जाणारे धागे तुटतात कधीकधी. जिभेला आंबट, गोड, खारट, कडू कळत राहतं, बाकी जातं. लवकर आला असतात तरी फार काही करता आलं असतं असं नाही, कधी आपोआप परत येतं, बहुतेक नाही. चांगला माणूस होता. त्याने विचारलं, व्यवसाय काय? मी म्हटलं, बस चालवायचो. तो म्हणाला, मग एवढं काही बिघडत नाही.

१२ जून

वाझाकडे गेलो. जाण्याआधी काय बोलायचं ते मनात जुळवत होतो. पंगतीत माझी जीभ कधी अडत नाही, पण सकाळपासून एक वाक्य धड जुळेना.

तो अंगणात रांजणांपाशी होता. मोठ्या रांजणाचं तोंड उघडं, आत धुऊन स्वच्छ केलेलं, चेरीच्या सालीचा कुंचा बाजूला वाळत घातलेला. मी सांगितलं. नाक गेलंय, जानेवारीपासून, तुझ्या वाइनमध्ये पाणी नव्हतं, मला काहीच कळत नव्हतं. सगळं एका दमात. तो ऐकून घेत होता. म्हणाला, "ठाऊक आहे. लग्नाहून आल्यावर नातेलाने सांगितलं."

मला हायसं वाटलं. मी म्हटलं, मग आंझोरला कळव, मी स्वतः तिबिलिसीला जाऊन सांगतो त्याला, रांजणातली वाइन...

"नाही आता."

"नाही म्हणजे?"

"उकळली. भट्टीवर घातली, सगळी. मोठा रांजण, धाकटे, सगळे." दारूही घरात ठेवायचा जीव झाला नाही म्हणाला, तेलावीच्या बाजारात देऊन टाकली.

मी धूर पाहिला होता. या वहीत लिहिलाही होता.

"अरे पण तू चाखली नव्हतीस?" मी विचारलं. "उघडल्यावर तू चाखली नव्हतीस का?"

"तू गेल्यावर चाखली. मला चांगली लागली होती," वाझा म्हणाला. "पुन्हा पुन्हा चाखली. प्रत्येक वेळी चांगलीच लागायची. मग मला वाटलं, माझीच जीभ गेली."

तो कुंचा उचलून उगाच झटकत होता. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "खरं सांगू का? इतकी वर्षं मी माझी वाइन कधी चाखलीच नाही रे. तुझ्या तोंडाकडे बघत आलो. तू मान हलवलीस की मला चव लागायची."

नातेलाने घरातून हाक मारली, पाहुण्याला कोरडा पाठवू नका. आम्ही कट्ट्याकडे आलो. वाझा घरात गेला, बराच वेळ शोधत होता. वाइनच्या गावात, वाइन करणाऱ्याच्या घरात, वाइनचा थेंब नव्हता. शेवटी तो दोन बाटल्या घेऊन आला. बिअर. तिबिलिसीवाल्यांच्या, त्या दिवशी हौदात राहून गेलेल्या.

त्याने दोन पेले भरले, एक मला दिला, एक आपण घेतला, आणि थांबला. सवयीने. मी काहीतरी बोलेन मग प्यायचं, अशी त्याची शाळेपासूनची सवय. मीही पेला उचलला. देवाचं नाव घेता येईना, गेलेल्यांचं घेता येईना, त्याचं तर माझं एकदा घेऊन झालं होतं. बिअरवर कुणाचं नाव घ्यायचं?

दोघेही काही न बोलता प्यायलो. कडू होती. तेवढं मला अजून कळतं.